हजेरी कोणी कोणाची घ्यायची?

देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला, असे शाळेत शिकविले जाते. परंतु याच देशातील काही जमातींच्या स्वातंत्र्याची तारीख वेगळी आहे. ती तारीख ३१ ऑगस्ट १९५२. त्या दिवशी इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा देशभरातून रद्द झाला. म्हणजे तिरंगा फडकल्यानंतर पाच वर्षे आणि सोळा दिवस ही माणसे कायद्याने जन्मजात गुन्हेगारच होती. म्हणूनच भटक्या-विमुक्तांची चळवळ ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून पाळते. १९९८ च्या विमुक्त दिनी अहमदाबादच्या छारानगर वस्तीत काही तरुण-तरुणींनी एक नाटक केले. ना नेपथ्य, ना पडदा, ना तिकीट. नाटकाचे नाव होते ‘बुधन’. त्या नाटकातून ‘बुधन थिएटर’ ही नाट्यसंस्था उभी राहिली आणि आज पाव शतक उलटून गेले तरी ती उभी आहे.

येत्या २०२७ च्या जनगणनेत जातींची नोंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. कोण किती आहेत, कोण कुठले आहेत, कोणाचे घर कुठे आहे, हे सरकार आता विचारणार आहे. ज्यांना दीडशे वर्षे गावोगाव हाकलले गेले त्यांनी या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे? सरकारला हा प्रश्न आज पडला आहे. रंगभूमीने तो पंचवीस वर्षांपूर्वीच विचारला. सबब या नाटकांकडे करमणूक म्हणून नव्हे, तर एक पुरावा म्हणून पाहिले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

वनवास, परागंदा होणे, परके होणे हे विषय प्रस्थापित मराठी रंगभूमीला नवे नाहीत. पौराणिक नाटकांत राजपुत्र वनवासाला जातात. पण त्यांना परतायला राज्य असते. जयवंत दळवींच्या ‘संध्याछाया’ नाटकात मुलगा परदेशी आणि म्हातारे आईबाप घरात एकटे. ते दुःख खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. मात्र त्या दुःखाला घर आहे, दार आहे, दारावर नावाची पाटी आहे. ज्याला पाटी लावायला दारच कधी मिळाले नाही, त्याच्या वनवासाचे काय? ज्याने गाव सोडले नाही, पण गावाने ज्याला कधी आत घेतलेच नाही, त्याला परागंदा म्हणायचे की नाही?

बाबासाहेबांनी या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी एका शब्दात दिले आहे. १९२४ साली त्यांनी सभा काढली ती ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’. १९२७ साली पाक्षिक काढले ते ‘बहिष्कृत भारत’. बहिष्कृत म्हणजे बाहेर घातलेला. देशाच्या आत राहून देशाबाहेर असलेला. ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईच्या मणिभवनात गांधीजींची भेट झाली तेव्हा आपल्याला मायभूमीच नाही, असे बाबासाहेबांनी त्यांना तोंडावर सुनावले. त्यात रुसवा नव्हता, हिशेब होता. ज्या भूमीत माणसाला कुत्र्यामांजरापेक्षा हीन वागणूक मिळते, ती भूमी त्याची कशी?

हा हिशेब त्यांनी अस्पृश्यांपुरता ठेवला नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. अस्पृश्यांच्या उगमावरील आपल्या १९४८ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी अस्पृश्य, आदिवासी आणि गुन्हेगार ठरविलेल्या जमाती अशा तीन वर्गांची नावे एकत्र घेतली. गुन्हेगार जमातींची संख्या त्यांनी सुमारे दोन कोटी दिली. ज्या संस्कृतीत एवढी माणसे अशा अवस्थेत राहतात, तिला संस्कृती म्हणायचे का, असा त्यांचा रोख होता. त्याआधी मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीतही ते सदस्य होते. म्हणजे विमुक्तांचा प्रश्न आंबेडकरी चळवळीच्या दारात बाहेरून आलेला पाहुणा नाही. तो पहिल्यापासून घरातलाच आहे.

आता कायदा काय होता ते पाहू. १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आला. एखादी जमात सरकारने गुन्हेगार म्हणून जाहीर केली की तिच्यात जन्मलेले मूल पाळण्यातच संशयित. मोठ्या माणसांची नावे नोंदवहीत. ठरलेल्या वेळी चौकीवर किंवा पाटलापुढे हजेरी द्यायची. हद्द ओलांडायची तर पास हवा. १८९७ च्या दुरुस्तीने तर चार वर्षांच्या वरच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. १९११ च्या कायद्याने ही व्यवस्था मुंबई इलाख्यासह देशभर पसरली. तारेच्या कुंपणाआड वसाहती उभ्या राहिल्या. सोलापुरात त्या वसाहतीचे नाव आजही ‘सेटलमेंट’ असेच लोकांच्या तोंडी आहे. छारानगरचा जन्मही अशाच एका वसाहतीतून झाला. जगाच्या इतिहासात माणसांना घरातून हाकलून लावल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. इथे उलटे झाले. फिरणाऱ्या माणसाला कोंडले आणि त्या कोंडवाड्याला त्याचे घर म्हटले!

या जमातींपैकी पुष्कळांचा पिढ्यान् पिढ्यांचा व्यवसाय काय होता? कसरत, नाच, गाणे, सोंग, खेळ. डोंबारी, कोल्हाटी, बहुरूपी, नंदीवाले, चित्रकथी. रस्ता हेच त्यांचे रंगमंदिर. १८७१ च्या त्याच कायद्याच्या दुसऱ्या भागात तृतीयपंथीयांनी स्त्रीवेश घालून रस्त्यावर नाचण्या-गाण्यालाही गुन्हा ठरविले होते. पाचच वर्षांनी, १८७६ साली, नाट्यप्रयोगांवर बंदी घालण्याचा अधिकार सरकारला देणारा कायदा आला. दोन्ही कायदे एकाच राजवटीचे, आणि दोन्हींमागे भीतीही एकच. फिरणारा माणूस नको आणि बोलणारा माणूसही नको.

बरे, इंग्रज गेले. मग काय झाले? मुंबई प्रांताने १९४९ मध्ये आणि केंद्राने १९५२ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा रद्द केला. पण १९५९ साली मुंबई राज्याने दोन कायदे केले. एक सराईत गुन्हेगारांचा. दुसरा भीक प्रतिबंधाचा. पहिल्याने जमातीच्या जागी व्यक्ती आली, पण पोलिसांच्या वहीत नावे बहुतांशी त्याच वस्त्यांची राहिली. दुसऱ्याने सार्वजनिक जागी गाणे म्हणून, नाचून, भविष्य सांगून किंवा खेळ करून पैसे घेणे ही भीक ठरविली. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे आणि पुन्हा पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत डांबून ठेवण्याची त्यात सोय केली. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्लीपुरती या कायद्याची मुख्य कलमे घटनाबाह्य ठरविली. सांगण्याचा मुद्दा असा की, वातानुकूलित नाट्यगृहात जो अभिनय कला ठरतो, तोच रस्त्यावर डोंबाऱ्याच्या पोरीने केला की गुन्हा ठरतो. कला कोणती आणि भीक कोणती हे अंगातल्या गुणावर ठरत नाही, छपरावर ठरते. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याची कलाही बेघर!

या पार्श्वभूमीवर ‘बुधन’ समजून घेतले पाहिजे. बुधन सबर हा पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यातील खेडिया सबर जमातीचा तरुण. फेब्रुवारी १९९८ मध्ये पोलिसांनी त्याला पकडले. आठवड्याभरात तो कोठडीत मेला. आत्महत्या केली, असे पोलिसांनी सांगितले. महाश्वेतादेवी ज्या सबर कल्याण समितीच्या मागे उभ्या होत्या, ती समिती कलकत्ता उच्च न्यायालयात गेली. न्यायमूर्ती रुमा पाल यांनी भरपाईचा आणि केंद्रीय अन्वेषण विभागाच्या चौकशीचा आदेश दिला. त्याच वर्षी महाश्वेतादेवी, भाषा संशोधक गणेश देवी आणि ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड यांनी भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी कृती गट उभा केला. महाश्वेतादेवी आणि देवी छारानगरात गेले. तिथे प्रथम निघाले ते वाचनालय. त्या वाचनालयात बसणाऱ्या पोरांनी पुरुलियाच्या बुधनची हकिकत वाचली आणि नाटक बसविले. दक्षिण बजरंगे हे त्यांतले पुढे आलेले नाव. ते नाटककार आहेत, दिग्दर्शक आहेत, चित्रपटकारही आहेत.

अहमदाबादच्या छारा पोरांचा आणि बंगालच्या सबराचा संबंध काय? भाषा वेगळी, प्रांत वेगळा, चेहरामोहरा वेगळा. दोघांना जोडणारी गोष्ट एकच, ती म्हणजे पोलीस चौकीतली वही. पण त्या पोरांनी बुधनला आपला भाऊ मानले आणि त्याचे नाव आपल्या संस्थेला दिले. नाते रक्ताने किंवा प्रांताने जुळते असे आपण समजतो. इथे ते सोसलेल्या अन्यायाने जुळले. ज्यांना गाव नाही त्यांनी एकमेकांना गाव मानले. आपले असणे म्हणजे काय, या प्रश्नाचे हे एक खणखणीत उत्तर आहे. चोखामेळ्याच्या मंगळवेढ्यापासून रोहित वेमुलाच्या हैदराबादपर्यंत दुःखाचे नाते जोडणाऱ्या आंबेडकरी माणसाला ते समजावून सांगण्याची गरज नाही.

‘बुधन’ची रचना साधी आहे. नट हेच भिंत होतात, दार होतात, गाडी होतात. एकाच अंगावर मार खाणाऱ्याचेही काम आहे आणि मारणाऱ्याचेही. शेवटी नट प्रेक्षकांकडे वळतात आणि सन्मान मागतात. दया किंवा मदत मागत नाहीत. हे नाटक चौकात झाले, महाविद्यालयांत झाले, खाकी वर्दीतल्या प्रेक्षकांपुढेही झाले. इथेच आमच्या मते या रंगभूमीचे मर्म आहे. १८७१ पासून या माणसांना हजेरी द्यावी लागत होती. तू हजर आहेस का, रात्री कुठे होतास, असे सरकार विचारी आणि मान खाली घालून ‘हजर’ म्हणावे लागे. नाटकात हे उलटे होते. नट हजर असतोच. प्रश्न प्रेक्षकाला असतो. हा माणूस मारला गेला तेव्हा तू कुठे होतास? हजेरी आता प्रेक्षकाची घेतली जाते. ज्याची हजेरी घेतली जात होती त्याने हजेरीची वही स्वतःच्या हातात घेणे, हीच क्रांती होय.

महाराष्ट्राने हे गुजरातचे आणि बंगालचे दुखणे आहे असे समजून स्वस्थ बसू नये. बुधन थिएटरच्या सुरुवातीच्या नाटकांपैकी एकाचे नाव ‘पिन्या हरी काळे की मौत’ असे आहे. पिन्या हरी काळे हा आपल्या बारामतीकडचा पारधी. १९९८ मध्येच तो पोलीस कोठडीत मेला. बुधन गेला त्याच वर्षी. पुरोगामी महाराष्ट्रातल्या पारध्याचे मरण गुजरातच्या रस्त्यावर नाटक होऊन उभे राहिले. आपल्या मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांना त्याचा आवाज किती ऐकू गेला, हे ज्याचे त्याने ठरवावे.

हे सगळे जुने झाले असे कोणी म्हणेल. मग अलीकडचे पाहा. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले. पोलिसांनी धरपकड केली. पकडलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी होता. तो वडार समाजाचा होता. वडार म्हणजे महाराष्ट्राच्या यादीतील विमुक्त जात. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना त्याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचे कारण नोंदले गेले. विधानसभेत मात्र श्वसनाच्या आजाराचे कारण सांगण्यात आले. पुरुलियात आत्महत्या होती, परभणीत आजार. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. ज्याच्या पूर्वजांना कायद्याने गुन्हेगार ठरविले होते, तो कायदा शिकत होता. संविधानाचा अवमान झाला म्हणून जे रस्ते पेटले, त्या धरपकडीत सापडून तो मेला. संविधान माझे आहे, हा देश माझा आहे, असे म्हणण्याचा याहून मोठा पुरावा कोणी द्यायचा? आणि किती वेळा द्यायचा?

यावर प्रामाणिकपणे एक प्रश्न विचारला पाहिजे. नाटकाने लाठी थांबते काय? नाही थांबत. जुलै २०१८ हा महिना त्याची साक्ष आहे. त्या महिन्याच्या पहिल्या तारखेला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळविणारे समजून जमावाने ठेचून मारले. ते मंगळवेढा भागातून भिक्षा मागण्यासाठी गेले होते. त्यांनाही पिढ्यान् पिढ्या एक सोंग, एक वेश, एक गाणे मिळालेले होते. पूर्वी त्या वेशाला गाव ओळखत असे, सुपातून पीठ घालीत असे. आता मोबाइलवरची अफवा त्या ओळखीपेक्षा मोठी झाली. त्याच महिन्याच्या शेवटी, २६ जुलैच्या रात्री, छारानगरात पोलीस घुसले. घरांची, वाहनांची मोडतोड झाली. माणसे झोडपली गेली. २९ जणांना अटक झाली. त्यांत वकील होते, एक छायापत्रकार होता. बुधन थिएटरला तेव्हा वीस वर्षे पूर्ण होत होती. वीस वर्षे ज्या वस्तीने देशभर नाटके केली, जिच्यातली मुले राष्ट्रीय नाट्य विद्यालयापर्यंत पोचली, ती वस्ती पोलिसांच्या लेखी अजून ‘त्या लोकांची’च होती.

मग नाटकाने साधले काय? आमच्या मते एक गोष्ट निश्चित साधली. १९९८ पूर्वी अशा रात्रींचा साक्षीदार नसे. मार खाणारा आणि मारणारा एवढेच असत. २०१८ मध्ये छारानगरापाशी बोलणारे तोंड होते, लिहिणारा हात होता, न्यायालयात उभे राहणारे वकील होते, आणि देशभर ओळखीची माणसे होती. नाटकाने माणूस वाचत नाही, पण त्याचे मरण गुपचूप होत नाही. गुपचूप मरणे बंद झाले की मारणे अवघड होऊ लागते.

या वनवासाला आणखी एक बाजू आहे. तिच्याविषयी बोलणे गैरसोयीचे असले तरी बोलले पाहिजे. ज्याला बाहेरच्या समाजाने टाकले, तो आपल्या जातपंचायतीला घट्ट धरून बसतो. तीच त्याची सरकार, तीच पोलीस, तीच न्यायालय. आणि ती पंचायतही बहिष्काराचेच हत्यार चालविते! छारांच्याच नात्यातला महाराष्ट्रातला कंजारभाट समाज पाहा. नववधूच्या कौमार्याची परीक्षा घेण्याच्या प्रथेविरुद्ध याच समाजातील सुशिक्षित तरुण-तरुणी २०१७-१८ मध्ये उभे राहिले, तेव्हा त्यांना आपल्याच माणसांचा रोष आणि बहिष्कार सोसावा लागला. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली कायदा केला तो अशाच कारणांसाठी. बाहेरच्यांनी बहिष्कृत केलेल्यांतही ज्या आतून बहिष्कृत होतात, त्या स्त्रिया आहेत. त्यांचा वनवास दुहेरी आहे. जी रंगभूमी पोलिसाला प्रश्न विचारते आणि पंचाला विचारत नाही, ती अर्धी रंगभूमी होय. बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली ती केवळ अस्पृश्यांसाठी नव्हे, स्त्रियांसाठीही जाळली. आपलेपणा म्हणजे जुन्या पिंजऱ्यात परत जाणे नव्हे. ज्या घरात मुलीला मान वर करता येते तेच घर.

आता सरकारी हिशेबाकडे वळू. बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने २००८ मध्ये अहवाल दिला. त्यात भटक्या-विमुक्तांची लोकसंख्या १० कोटी ७४ लाखांच्या घरात धरली होती. पुढे भिकू इदाते यांचा आयोग झाला. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती किंवा इतर मागासवर्ग यांपैकी एकाही यादीत नसलेल्या दोनशेहून अधिक जमाती असल्याचे त्याने दाखविले. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने या लोकांसाठी पाच वर्षांची २०० कोटी रुपयांची योजना आणली. रेणके आयोगाच्या आकड्याने भागाकार केला तर पाच वर्षांत माणशी १९ रुपयेसुद्धा होत नाहीत. वर्षाला चार रुपयेही नाहीत. एवढ्यात जातीच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीचा एक हेलपाटाही होणार नाही!

आणि दाखला तरी कसला? जे सांसी पंजाब, हरियाणा, राजस्थानात अनुसूचित जातींत आहेत, त्यांचेच सोयरे कंजारभाट महाराष्ट्रात विमुक्त जातींत. राज्याची सीमा ओलांडली की जात तीच, पण हक्क बदलतो. ज्या जमातींचे जगणेच सीमा ओलांडण्याचे, त्यांना सीमेने बांधलेला हक्क देणे म्हणजे जुन्या पासाचीच नवी आवृत्ती. पूर्वी पासाशिवाय हद्द ओलांडता येत नसे. आता ओलांडता येते, पण हक्क मागे ठेवून.

न्यायालयाने मात्र एक दार किलकिले केले आहे. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तुरुंगांच्या नियमावलीतील जातिभेदाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. अख्खी जमात पूर्वी गुन्हेगार ठरविणे गैर होते आणि आज तिला सराईत गुन्हेगार समजणेही गैर आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असेही पोलिसांना बजावले. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने तर २००७ मध्येच सराईत गुन्हेगार कायदा रद्द करण्यास भारताला सांगितले होते. तरीही अनेक राज्यांत तो पुस्तकात आहेच. १९५९ चे दोन्ही कायदे, सराईतांचा आणि भिकेचा, रद्द करा किंवा मुळापासून बदला, ही मागणी आता महाराष्ट्रात जोराने झाली पाहिजे. त्याचबरोबर जनगणनेत भटक्या-विमुक्तांची स्वतंत्र नोंद व्हावी आणि पालावर, पुलाखाली, माळावर राहणाऱ्याचीही गणना व्हावी, यासाठी आपल्या कार्यकर्त्यांनी आतापासून कंबर कसली पाहिजे. गणना करणारा पालावर जात नसेल, तर त्याला तिथे घेऊन जाणारा कार्यकर्ता तयार असला पाहिजे.

हे सर्व सांगताना रंगभूमी कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिले ते नाटकच होते. भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे ज्या वस्त्यांत वर्तमानपत्र वाचणारा नव्हता तिथे बाबासाहेबांचा विचार घेऊन गेले. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ उभे राहिले. दलित रंगभूमीने पुढे दत्ता भगत, प्रेमानंद गज्वी असे नाटककार दिले. आमच्या चळवळीत नाटक हे कधीही चैनीचे साधन नव्हते. ते सभेआधीची सभा होते. लक्ष्मण मानेंनी आत्मकथनाला ‘उपरा’ हे नाव दिले, गायकवाडांनी ‘उचल्या’, भीमराव गस्तींनी ‘बेरड’. समाजाने तोंडावर फेकलेला शब्द त्यांनी उचलला आणि मुखपृष्ठावर लावला. छारानगरच्या पोरांनी तेच रंगमंचावर केले. त्यांच्या वाडवडिलांना जगण्यासाठी पोलिसांपुढे सोंगे काढावी लागली. नातवंडांनी त्याच अंगभूत अभिनयाने पोलिसाचे सोंग काढून दाखविले.

तेव्हा जयंतीच्या मंडपात कानठळ्या बसविणाऱ्या भिंतींवर लाखो रुपये उधळण्यापेक्षा दोन नाटके बसवा. १४ एप्रिलला बसवा, ३१ ऑगस्टलाही बसवा. पारध्याच्या, वडाराच्या, डवरी गोसाव्याच्या पोराला त्यात काम द्या, त्याच्या बोलीत बोलू द्या. त्याला पाहुणा म्हणून सत्कारापुरते बोलावू नका. त्याला नाटक लिहू द्या, आणि त्याच्या बहिणीला दिग्दर्शन करू द्या. बुद्धविहाराच्या पटांगणात पालावरच्या लोकांना पुढे बसवा. बहिष्कृत भारताचे सगळे तुकडे एका पटांगणात समोरासमोर बसले, की कोणाचा वनवास कोणी घडविला हे सांगायला वेगळ्या भाषणाची गरज उरणार नाही.

दीडशे वर्षे ज्यांनी हजेरी दिली, त्यांनी आता हजेरी घ्यायची आहे. सरकारची, पोलिसांची, पंचांची आणि प्रेक्षकांत बसलेल्या आपल्या सर्वांची. नाव पुकारले जाईल तेव्हा ‘हजर’ म्हणायला आपण जागेवर असलो पाहिजे. जयभीम!